साडेतीननंतरचं हायस्कूल

जपानी ॲनिमे चवीने पाहणारी मुलं आता पुण्या-मुंबईतच नाही, तालुक्याच्या गावीही भेटतात. त्यांच्या शेजारी बसून ‘हायक्यू’ किंवा ‘स्लॅम डंक’चे दोन-चार भाग पाहिले की आईबाप हमखास विचारतात, ही पोरं अभ्यास कधी करतात? वर्गातला प्रसंग आलाच, तर नायक बाकावर डुलक्या काढत असतो. शेवटची घंटा झाली की मात्र त्याच्या अंगात वारं शिरतं. गोष्ट रंगावी म्हणून लेखकांनी अभ्यास थोडाफार गाळला असेलही. पण जपानमधल्या कुठल्याही हायस्कूलमध्ये दुपारी साडेतीननंतर डोकावलं, तर शाळा सुटल्याची खूण दिसत नाही. मैदानाच्या एका टोकाला बेसबॉल, दुसऱ्या टोकाला फुटबॉल. जिममध्ये मधोमध जाळी सोडून अलीकडे बास्केटबॉल, पलीकडे व्हॉलीबॉल. जिन्यात उभी राहून एक मुलगी ट्रम्पेटवर तेच चार सूर घोटतेय. चटया अंथरलेल्या खोलीत चहाचा विधी चाललाय आणि रिकाम्या वर्गात दोघं जण शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, पटावर डोकं धरून बसलेत.

या सगळ्याला तिथे ‘बुकात्सु’ म्हणतात. आपल्याकडे छंदवर्ग म्हटलं की शनिवारचा शेवटचा तास डोळ्यांसमोर येतो, तोही गणिताच्या सरांनी जादा तासासाठी मागून घेतला नाही तर. बुकात्सुचा हिशेब निराळा आहे. एप्रिलमध्ये जपानी शाळेचं वर्ष सुरू होतं. दहावीच्या वयाची नवी मुलं दाखल होतात आणि पहिले काही दिवस प्रत्येक क्लब त्यांना ओढायला बघतो. फलक लागतात, नमुन्याचे सामने होतात, मुलं दोन-चार ठिकाणी बसून पाहतात आणि मग रीतसर प्रवेशाचा अर्ज भरतात. अर्ज साधारणपणे एकाच क्लबचा. आज चित्रकला, उद्या कराटे, परवा कंटाळा, असं चालत नाही. घेतलेला क्लब हायस्कूलच्या तीन वर्षांसाठी घेतला असं धरतात. रोज सराव, कित्येक ठिकाणी सकाळी शाळा भरण्यापूर्वीही, आणि शनिवार-रविवारी सामने. कुठल्याच क्लबात न जाता सरळ घर गाठणाऱ्यांना चेष्टेने ‘किताकु-बु’चे, म्हणजे घरी-जाणे-क्लबाचे, सदस्य म्हणतात.

क्लबाचं रोजचं काम मुलंच चालवतात, हे त्याचं मोठं वैशिष्ट्य. कप्तान आणि उपकप्तान मुलांतलेच. पाण्याच्या बाटल्यांपासून धावफलकापर्यंत सगळं सांभाळणारा ‘मॅनेजर’ही विद्यार्थीच, बऱ्याचदा मुलगी. वर्षाने मोठा तो सेन्पाई, धाकटा तो कोहाई. पहिल्या वर्षाच्या पोरांनी चेंडू गोळा करायचे, मैदानावर फळी फिरवून माती सारखी करायची आणि सेन्पाई दिसला की मोठ्यांदा नमस्कार घालायचा. तालमीत वस्तादापेक्षा थोरल्या पठ्ठ्याचा धाक जास्त असतो, तसाच हा प्रकार. त्यातून शिस्त लागते आणि छळही होतो. कुठे काय होईल हे त्या वर्षीच्या कप्तानावर अवलंबून.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शेवटची स्पर्धा हरली की सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ‘निवृत्त’ होतो. खरंच हाच शब्द वापरतात. त्यानंतर विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षा.

बुकात्सुचं रोपटं बाहेरून आलं. टोकियोत शिकवायला आलेल्या होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमारास विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवला. १८९६ मध्ये ‘इचिको’ या टोकियोच्या नामांकित विद्यालयाच्या मुलांनी योकोहामाच्या गोऱ्या लोकांच्या क्लबाला २९–४ असं धुतलं. पाश्चात्त्य देशांनी लादलेल्या असमान करारांमुळे दुखावलेल्या देशात त्या निकालाचा गाजावाजा झाला नसता तरच नवल. शाळेचा संघ ही शाळेची आणि गावाची इभ्रत ठरली, ती तेव्हापासून. १९१५ मध्ये ‘असाही’ वृत्तपत्राने देशभरच्या शाळांची स्पर्धा भरवली. १९२४ पासून ती कोबे आणि ओसाका यांच्या मधल्या निशिनोमिया शहरातल्या कोशिएन मैदानावर होते. आज ‘कोशिएन’ म्हटलं की स्पर्धा हाच अर्थ आधी मनात येतो, मैदान नंतर.

या स्पर्धेचं गणित निर्दयी आहे. ३,४०० च्या आसपास संघ, सगळे सामने बाद पद्धतीने. एकदा हरलात की संपलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून छाटणी होत ४९ संघ ऑगस्टच्या उन्हात कोशिएनला पोहोचतात आणि शेवटी न हरलेला एकच उरतो. सामना सुरू होताना आणि संपताना भोंगा वाजतो. हरलेली मुलं गुडघ्यांवर बसून मैदानातली काळी माती पिशवीत भरतात आणि घरी नेतात. टीव्हीवर सगळा देश हे बघतो.

२०१८ ची शंभरावी स्पर्धा जपानी लोक सहज विसरणार नाहीत. आकिता या उत्तरेकडच्या प्रांतातल्या कानाआशी कृषी विद्यालयाचा संघ अंतिम फेरीत आला. या प्रांताचा संघ याआधी अंतिम फेरीत खेळला होता तो थेट १९१५ च्या पहिल्या स्पर्धेत. समोर ओसाका तोइन, म्हणजे देशभरातून निवडून आणलेल्या मुलांचं बलाढ्य खासगी विद्यालय. गावच्या मुलांच्या जोरावर इथवर आलेल्या कानाआशीचा पिचर योशिदा कोसेई याने त्या स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले. शेवटचा सामना ते १३–२ ने हरले. देश हळहळला, कौतुक झालं. त्याचबरोबर अठराही पूर्ण न झालेल्या खांद्यावर एवढा भार टाकायला कुणी परवानगी दिली, असंही लोक विचारू लागले. २०२० पासून एका पिचरला आठवड्यात ५०० हून जास्त चेंडू टाकता येत नाहीत. ही मर्यादासुद्धा हातभर सैल आहे असं मला वाटतं, पण आधी तीही नव्हती.

बेसबॉलचं नाव निघालंय तर ओतानी शोहेईला टाळून पुढे जाता येणार नाही. आज अमेरिकेत पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा हा खेळाडू इवाते प्रांतातल्या हानामाकी हिगाशी हायस्कूलचा. तिथल्या पहिल्याच वर्षी त्याने भरलेला एक तक्ता जपानमध्ये फार प्रसिद्ध आहे. नऊ बाय नऊ, म्हणजे ८१ घरांचा. मधल्या घरात ध्येय: नवे खेळाडू निवडताना आठ व्यावसायिक संघांनी पहिली पसंती द्यावी. भोवतीच्या आठ घरांत त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी: शरीर, नियंत्रण, ताशी १६० किलोमीटरचा वेग वगैरे. आठांतलं एक घर मात्र ‘नशीब’. आणि नशीब कसं कमवायचं, तर नमस्कार करणे, कचरा उचलणे, खोली झाडणे, पंचांशी नीट वागणे, पुस्तकं वाचणे. हे खास बुकात्सुचं वळण. चेंडू फेकायला शिकवणारी आणि कचरा उचलायला लावणारी व्यवस्था एकच. १६० चा वेग त्याने २०१२ मध्ये, हायस्कूलमध्ये असतानाच, गाठला. कोशिएनला तो दोनदा खेळला आणि दोन्ही वेळा त्याचा संघ पहिलाच सामना हरला. आठ संघांची पसंतीही मिळाली नाही. मी थेट अमेरिकेला जाणार असं त्याने जाहीर करून टाकल्यामुळे एकाच संघाने त्याचं नाव घेतलं. तक्त्याची कीर्तनं रंगवणारे प्रेरक वक्ते हा भाग सहसा सांगत नाहीत.

खेळ न खेळणाऱ्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी ‘संस्कृती विभागा’चे क्लब असतात, आणि निवांतपणा तिथेही नाही. वाद्यवृंदाचंच घ्या. अखिल जपान स्पर्धेत हायस्कूलच्या मोठ्या गटात जास्तीत जास्त ५५ वादक असतात. नेमून दिलेली एक रचना आणि स्वतः निवडलेली एक, अशा दोन्ही मिळून १२ मिनिटांत संपवायच्या. बक्षीस म्हणून सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य, सगळ्यांना काही ना काही. पण सुवर्ण मिळवणारे सगळेच पुढच्या फेरीत जात नाहीत. सुवर्ण मिळालं आणि पुढची वाट बंद झाली, अशा निकालाला मुलं ‘दामे-किन’ म्हणतात, म्हणजे कामाचं नसलेलं सोनं. मोठ्या शाळांत वादक शंभरावर असतात, त्यामुळे उरलेल्यांना व्यासपीठामागे ढोल-ताशे सांभाळावे लागतात.

मला स्वतःला या सगळ्यात मोह पडतो तो ‘हायकू कोशिएन’चा. शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा शहरात १९९८ पासून ही स्पर्धा होते. गाव अचूक निवडलंय. आधुनिक हायकूचा जनक मासाओका शिकी इथलाच. तरुणपणी तो बेसबॉल इतका वेड्यासारखा खेळला, की मृत्यूनंतर शंभर वर्षांनी जपानच्या बेसबॉल कीर्तिदालनात त्याला जागा मिळाली. स्पर्धेत पाच-पाच मुलांचे दोन संघ समोरासमोर बसतात, एक तांबडा, एक पांढरा. विषय आधीच दिलेला. आपला हायकू वाचून दाखवायचा, मग समोरचा संघ प्रश्न विचारतो: हाच ऋतू का? हा शब्द काढला तर काय बिघडतं? बेडूक नक्की कुठे बसलाय? कवीने उत्तर द्यायचं, आणि द्यायचं ते तिथल्या तिथे. पंच तांबडा किंवा पांढरा झेंडा वर करतात. सुरुवातीच्या फेऱ्या शहरातल्या छपराखालच्या बाजारपेठेत होतात, आजूबाजूला लोक भाजी-कपडे घेत हिंडतायत. सतरा शब्दखंडांच्या कवितेवर पोरं हमरीतुमरीवर येतात, हे पाहायला मिळावं. आपल्याकडे काव्यवाचन स्पर्धा उदंड होतात. पण मुलांनी एकमेकांच्या ओळींची अशी झडती घ्यावी, असं कुणी घडवून आणलेलं माझ्या ऐकिवात नाही.

त्याच बेटावर शिकोकुचुओ हे कागदगिरण्यांचं गाव आहे. धंदा मंदावला तेव्हा तिथल्या हायस्कूलच्या सुलेखन क्लबातल्या मुली बाजारात येऊन मोठाल्या कागदांवर लिहू लागल्या. २००८ मध्ये त्याचीही स्पर्धा झाली. चार मीटर बाय सहा मीटरचा कागद, जास्तीत जास्त बारा मुलं, सहा मिनिटं, मागे गाणं. झाडूएवढे कुंचले शाईत बुडवून, नाचत, धावत, एकाच कागदावर सगळ्यांनी मिळून लिहायचं. वयोवृद्ध सुलेखनकारांनी नाकं मुरडली असणार, पण क्लबाला मुलं मिळाली.

इथवर वाचून ज्यांना हेवा वाटला असेल त्यांनी आता खर्चाचा कागद पाहावा. मुलांच्या घरून वाद्यं, बॅटी, प्रवासभाडं एवढं येतं. शिकवणी शुल्क जवळपास नाही. मग रोजचे दोन-तीन तास आणि शनिवार-रविवार कुणाचे? शिक्षकांचे. प्रत्येक क्लबाला एक ‘कोमोन’, म्हणजे जबाबदार शिक्षक, लागतो. अनेक शाळांत सगळ्या शिक्षकांना एकेक क्लब वाटून टाकतात. इतिहासाच्या बाईंना टेनिस येतं की नाही, कुणी विचारत नाही. जपानच्या क्रीडा संघटनेने २०१४ मध्ये केलेल्या पाहणीत, हायस्कूलच्या खेळ-क्लबांचे चाळीस टक्क्यांहून अधिक कोमोन असे निघाले, की ते पीटीचे शिक्षक नव्हते आणि तो खेळ आयुष्यात खेळलेही नव्हते.

कायद्यातली खरी मेख पुढे आहे. १९७१ मध्ये सरकारी शाळांतल्या शिक्षकांसाठी एक कायदा झाला. त्यांना जादा तासांचे पैसे द्यायचे नाहीत, त्याऐवजी पगाराच्या चार टक्के रक्कम सरसकट द्यायची. चार टक्केच का, तर १९६६ च्या पाहणीत शिक्षक महिन्याला सरासरी आठेक तास जादा थांबतात असं दिसलं होतं. मुख्याध्यापकांना फक्त चार कारणांसाठी जादा थांबण्याचा हुकूम देता येतो: विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक, शाळेचे कार्यक्रम, शिक्षकांच्या बैठका आणि आपत्ती. बुकात्सु या यादीत नाही. आता अभ्यासक्रमाचा सरकारी दस्तऐवज म्हणतो, की क्लब हा शाळेच्या शिक्षणाचा भाग, पण त्यात मुलं स्वेच्छेने येतात. मग कोमोन संध्याकाळी सातपर्यंत मैदानावर उभा आहे तो कशाने? कायद्याच्या लेखी, स्वतःच्या हौसेने. हौसेला मोल नसतं ही म्हण सरकारने अक्षरशः खरी केली. शनिवार-रविवारी मिळतो तो किरकोळ भत्ता.

ओईसीडी या संस्थेने २०१८ मध्ये अनेक देशांतल्या शिक्षकांच्या कामाचे तास मोजले. ते आकडे मिडल स्कूलचे, म्हणजे साधारण आपल्या सातवी ते नववीच्या वयाच्या मुलांच्या शाळांचे, पण चित्र कळायला पुरेसे. जपानी शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करत होते, सरासरी होती ३८.३. अभ्यासेतर उपक्रमांवर जपानी शिक्षकाचे ७.५ तास, बाकीच्यांचे सरासरी १.९. ज्या कौतुकाने आपण ‘बघा, जपानी मुलं कशी घडतात’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग या ५.६ तासांच्या फरकातून आलाय. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचं एवढं मोठं उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मोबदला नाही, निवड नाही, तरी जिंकायचं मात्र आहे. अशा जागी काय साचतं, ते २०१२ च्या डिसेंबरात उघड झालं. ओसाकातल्या एका हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाचा सतरा वर्षांचा कप्तान प्रशिक्षकाच्या मारहाणीला कंटाळला आणि त्याने जीव दिला. प्रशिक्षकाला न्यायालयाने दोषी ठरवलं. पण असं मारणं हा खेळातल्या ‘तयारी’चा भाग समजणारे प्रशिक्षक आणि पालक देशात किती आहेत, ही चर्चा त्याआधी एवढ्या उघडपणे झाली नव्हती. काही वर्षांनी तरुण शिक्षकांनी इंटरनेटवर सह्यांची मोहीम काढली. मागणी साधी: कोमोन व्हायचं की नाही, ते आम्हाला ठरवू द्या. हजारो सह्यांचे कागद २०१६ मध्ये शिक्षण मंत्रालयात पोहोचले.

मग चक्रं फिरली. २०१७ पासून शाळेबाहेरच्या माणसाला रीतसर क्लब-प्रशिक्षक म्हणून नेमता येऊ लागलं. २०१८ मध्ये क्रीडा खात्याने मार्गदर्शक नियम काढले: आठवड्यातून निदान दोन दिवस सुट्टी, कामाच्या दिवशी साधारण दोन तास, सुट्टीच्या दिवशी तीन. २०२५ मध्ये चार टक्क्यांचा तो कायदाही बदलला. भत्ता दरवर्षी एकेक टक्का वाढवत २०३१ पर्यंत दहा टक्क्यांवर न्यायचा, असं ठरलं. जादा तासांचे पैसे तरीही नाहीतच.

दुसरीकडे मुलंच कमी होतायत. हायस्कूल बेसबॉलचे नोंदलेले खेळाडू २०१४ मध्ये १ लाख ७० हजारांवर होते, दहा वर्षांत ते १ लाख २७ हजारांच्या आसपास आले. खेड्यातल्या शाळांकडे नऊ जण जमत नाहीत, म्हणून दोन-तीन शाळा मिळून एक संघ उतरवतात. प्रत्येक जण आपापल्या शाळेचा गणवेश घालून खेळतो, त्यामुळे एकाच संघात तीन रंग दिसतात.

मुलांना टिकवायचं तर जुनी हडेलहप्पी परवडत नाही, हेही शाळांना कळू लागलंय. बेसबॉल म्हणजे डोक्याचा चकोट, हे समीकरण कित्येक दशकांचं. हायस्कूल बेसबॉल महासंघाच्या पाहणीत २०१८ मध्ये ७६.८ टक्के शाळांनी आपल्याकडे चकोट सक्तीचा असल्याचं सांगितलं होतं. २०२३ मध्ये ते प्रमाण २६.४ वर आलं. त्याच वर्षी केइओ हायस्कूल १०७ वर्षांनी कोशिएन जिंकलं. केस वाढवलेली मुलं, हसतखेळत घेतलेला सराव, आणि प्रशिक्षक कोण, तर केइओच्याच प्राथमिक शाळेतले शिक्षक. मुलींना मात्र या स्पर्धेत आजही खेळता येत नाही. त्यांच्या वेगळ्या स्पर्धेचा अंतिम सामना कोशिएनवर होऊ लागला तो २०२१ पासून.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यास आणि अभ्यासेतर असा काटेकोर भेद नसावा, असं म्हटलंय. वाचायला गोड आहे. पण निवडणूक, जनगणना आणि पोषण आहाराच्या नोंदी सांभाळून उरलेल्या वेळात लेझीम बसवणारे सर आपल्याकडेही आहेतच. हा भेद पुसायचा तर त्यांचे तास कुठल्या खात्यात मांडायचे, हा प्रश्न इथेही सुटलेला नाही.

जपानने निवडलेली वाट क्लब शाळेबाहेर काढण्याची आहे. २०२२ मध्ये सरकारच्या तज्ज्ञगटाने सुचवलं, की मिडल स्कूलचे सुट्टीच्या दिवशीचे क्लब गावातल्या संस्थांकडे द्यावेत. कोबे शहर त्याच्या पुढे गेलं. २०२६ मध्ये महापालिकेच्या मिडल स्कूलमधले सगळे क्लब, कामाच्या दिवसांसकट, थांबवायचे आणि त्यांच्या जागी स्थानिक क्लब, संस्था, पालकगट यांनी चालवलेले वर्ग शाळांच्याच जागेत भरवायचे, असं शहराने जाहीर केलं. हौशी शिक्षकांना तिथे शिकवता येईल, पण जोडकाम म्हणून, मानधन घेऊन. पैसे आले की फी आली. आजवर ज्या घरांना मुलाच्या क्लबासाठी बूट आणि बॅट यांपलीकडे फारसा विचार करावा लागत नव्हता, त्यांना आता दरमहा आकडा मोजावा लागेल. जिथे संस्थाच नाहीत अशा डोंगराळ गावांत शिकवायला कोण येणार, हेही ठरायचंय.

हायस्कूल या बदलाच्या जवळजवळ बाहेरच आहे. खासगी विद्यालयांना कोशिएन आणि वाद्यवृंदाच्या नावावर प्रवेश मिळतात, त्यामुळे ती क्लब सोडणार नाहीत. सरकारी विद्यालयांत कोमोनच्या याद्या मार्चअखेर नेहमीप्रमाणे लागतात. आणि केवळ एप्रिलमध्ये नव्या पोरांना घेऊन मैदानावर उतरता यावं म्हणून शिक्षकाची नोकरी धरलेली माणसंही त्या याद्यांमध्ये असतात. पूर्वीइतकी नाहीत, पण आहेत.